१४ वर्षांच्या मुलासाठी पहिली शिकारीची रायफल – बजेट ५०० डॉलर (विस्कॉन्सिन)

चिमणीचं_घर

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे म्हणून आधीच सांगते: "मुलाच्या हातात बंदूक द्यावी का" यावर आमच्या घरात आठ महिने चर्चासत्र झालंय. सासूबाई व्हॉट्सॲपवरून अध्यक्षस्थानी होत्या. निर्णय झाला. आता प्रश्न एवढाच की कुठली घ्यायची.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, वॉसॉपासून तासाभरावर एका छोट्या गावात राहतो. अहो पेपर मिलमध्ये. गावात देशी घरं तीन, त्यातलं मराठी आमचं एकच. इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो, नऊ दिवस. त्या दिवसांत शाळेचे अर्धे वर्ग रिकामे असतात. लेकाच्या जिवलग मित्राच्या आजोबांची ऐंशी एकर जमीन आहे. गेल्या वर्षी लेक त्यांच्यासोबत नुसता बसायला गेला, या वसंतात हंटर सेफ्टीचा कोर्स पास झाला, आणि आता त्याला स्वतःची रायफल हवी आहे. अर्धे पैसे लोकांच्या अंगणातलं गवत कापून त्याने जमवलेत.

गावातला दुकानदार म्हणतो, ३०-०६ घ्या, पोरगं वाढेल तशी पुरेल. मित्राचे वडील म्हणतात २४३. (दोन्ही काडतुसांची मापं.) अहोंनी आयुष्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलेलं नाही. ५०० मध्ये दुर्बिणीसकट काय बसेल? लेकाची उंची ५ फूट ३ इंच, अंगाने काडी.

रिकामटेकडी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

शाकाहारी_सिंह

निर्णय झालाय म्हणता, तरी एक विचारतोच. शिवणकाम, तबला, बुद्धिबळ, काहीच नव्हतं का गावात? मुकं जनावर मारायला पोराने गवत कापून पैसे जमवले हे वाचून कसंसंच झालं.

चिमणीचं_घर

@शाकाहारी_सिंह, तबलाही आहे. शनिवारी ऑनलाइन. मोसमात क्लास बुडणार एवढंच.

अप्पा_पिट्सबर्ग

बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात शिकार करतोय, दोन्ही मुलींना मीच शिकवलं. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: "वाढेल तशी पुरेल" हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. बंदुकीला नाही. ३०-०६ उत्तम काडतूस आहे, १९०६ पासून चालत आलंय, पण तेवढ्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का २४३ च्या साधारण दुप्पट बसतो. सडपातळ पोराला पहिल्या पाच बारांत खांद्यावर निळं पडतं आणि सहाव्या बाराला तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. ही खोड एकदा लागली की काढायला वर्षं जातात. माझ्या थोरलीची मीच लावली, म्हणून सांगतोय.

दुसरी: २४३ विंचेस्टर, ७ एमएम-०८ आणि ३०८ विंचेस्टर ही एकाच घरातली भावंडं. ३०८ चं पितळी नळकांडं घेऊन त्याचं तोंड बारीक केलं की २४३, जरा कमी बारीक केलं की ७ एमएम-०८. हरणासाठी तिन्ही पुरेशी. नवशिक्याला २४३, त्यात शंभर ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). शंभर यार्डाच्या आत (तुमच्याकडच्या झाडीत त्यापलीकडे दिसतंच काय?) नीट जागी लागली तर हरीण जागेवर नाही तर पन्नास पावलांत पडतं. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची हल्ली फॅशन आहे, वाईट नाही, पण सगळ्या दुकानदारांचं तेच पालुपद झालंय.

तिसरी, माझ्या मते पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी: माप. दस्त्याचं (खांद्याला टेकतो त्या मागच्या भागाचं) टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं, हात काटकोनात, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतंय का बघायचं. मोठ्यांच्या रायफलीचा दस्ता टोकापासून चापापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास, मुलांच्या मॉडेलचा बारा ते तेरा. त्यात नोव्हेंबरातला जाड कोट, म्हणजे अजून अर्धा-एक इंच गेला. लांब दस्ता असला की पोरगं मान पुढे काढून दुर्बिणीला डोळा चिकटवतं, आणि बार उडाला की भुवईवर चंद्रकोर उमटते. ती टिकली महिनाभर जात नाही.

नवी हवी तर सॅव्हेज ॲक्सिसचं कॉम्पॅक्ट, रुगर अमेरिकनचं कॉम्पॅक्ट आणि मॉसबर्ग पेट्रियटचं युथ मॉडेल, ही तीन हातात घेऊन बघा. मॉसबर्गच्या दस्त्यात मध्ये घालायचा तुकडा येतो, पोर वाढलं की तो घातला, दस्ता लांबला. तिन्ही त्यातल्या त्यात स्वस्त. टिक्का कंपनीची सुंदर, पण तुमच्या बजेटात नाही.

नाना_मोन्टाना

अप्पांशी दोन गोष्टींत असहमत. २४३ हे नवशिक्याचं काडतूस नाही, कसलेल्या माणसाचं आहे. गोळी हलकी, चूक माफ करत नाही. घाबरलेलं पोरगं बरगडीऐवजी खांद्याच्या हाडावर मारणार, आणि मग जखमी जनावर रात्रभर शोधत फिरा. ७ एमएम-०८ घ्या, धक्का थोडाच जास्त, गोळी १४० ग्रेनची. दुसरं म्हणजे ॲक्सिस. त्याचा प्लॅस्टिकचा दस्ता म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा.

अप्पा_पिट्सबर्ग

नाना, मोन्टानात तुम्ही एल्क (ते घोड्याएवढं हरीण) मारता, तीनशे यार्डांवरून. इथे अंगणाएवढ्या अंतरावर हरीण आहे. आणि श्रीखंडाच्या डब्यात आमच्याकडे वीस वर्षं कडीपत्ता वाढतोय, त्याला नावं ठेवू नका.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरकर आलो रे भावांनो. शिकार आपल्याला ठाऊक नाही, पण पोरांना १० मीटर एअर रायफल शिकवतो, तर थोडं बोलतो.

आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. त्या दिवसापासून गावोगावचे आईबाप येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, रायफल कुठली घ्यायची?" मी म्हणतो, आधी पोराला सहा महिने क्लबची रायफल धरून उभं राहू दे. श्वास, पायांची ठेवण, चाप दाबायची पद्धत. चाप ओढायचा नसतो, लिंबू पिळल्यासारखा सावकाश दाबायचा. बार कधी सुटला ते आपल्यालाच कळलं नाही पाहिजे.

ताई, शक्य असेल तर मोठ्या रायफलीआधी एक साधी पॉइंट २२ (अगदी छोट्या काडतुसाची रायफल) घ्या नाहीतर मित्राची वापरा. धक्का जवळपास नाही, गोळ्या स्वस्त. दिवसाला पन्नास बार मारले तरी पोराचा खांदा आणि तुमचं पाकीट दोन्ही शाबूत. मोठ्या रायफलीवर घरात रिकामा सराव करायचा. पण पॉइंट २२ वर खोटी काडतुसं घातल्याशिवाय रिकामा चाप ओढू नका, पिन नळीच्या काठावर आपटून खराब होते.

आणि सगळ्यात आधी विचारायला हवं ते अजून कुणीच विचारलं नाही. पोराचा प्रमुख डोळा कुठला?

चिमणीचं_घर

म्हणजे?? नंबर नाहीये त्याला.

तांबडा_पांढरा

नंबराचा संबंध नाही. नेम धरताना मेंदू ज्या डोळ्याचं ऐकतो तो प्रमुख. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटं तिकोनी भोक करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबच्या दिव्याकडे बघायचं, मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. भोक ज्या डोळ्यापाशी येऊन थांबतं तो प्रमुख. घरातल्या सगळ्यांची बघा, मजा येते.

रिकामटेकडी

ऑफिसात आत्ता करून पाहिलं. मॅनेजरला वाटलं मी त्याची फ्रेम धरतेय.

ग्रीनकार्डची_वाट

एक बाळबोध शंका. मी एच-१बी वर आहे, मिनेसोटात. सहकारी शिकारीला बोलावतात. आपल्याला बंदूक हातात घेता तरी येते का?

कलमकसाई

वकील आहे, पण तुमचा नाही. त्यामुळे हा सल्ला समजू नका. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे, "हातात घेणं" हेसुद्धा त्यात येतं. पण त्याला अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे राज्याने रीतसर दिलेलं, चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. ते आधी काढा, मग रेंजवर जा. उलट क्रमाने गेलात तर हौसेपायी व्हिसाचं वाटोळं. डिपेंडंट व्हिसावरच्या बायकामुलांनाही तोच नियम. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

धागाकर्तीसाठी: दुकानदार १८ च्या आतल्या मुलाला रायफल विकू शकत नाही. विकत तुम्ही घ्यायची, दुकानातला ४४७३ नंबरचा फॉर्म तुमच्या नावाने. पालकांनी मुलाला भेट देणं कायद्यात बसतं. दुसऱ्या कुणासाठी त्याच्या पैशाने गपचूप घेणं बसत नाही. गवत कापलेले पैसे त्याच्या कॉलेजच्या खात्यात टाका आणि रायफल तुमच्याकडून भेट द्या, म्हणजे उगाच फाटे फुटायला नकोत.

चिमणीचं_घर

आम्ही ग्रीन कार्डवर आहोत. पैशांचं मात्र लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद.

सावंतवाडीचो_झील

धागा वाचून आजोबा आठवले. आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाचे बंदूक परवाने घरोघरी. आजोबांची एकनळी होती, मधून मोडून एक काडतूस भरायची. माकड आणि रानडुक्कर बागेत शिरलं की बार काढायचे, बहुतेक वेळा हवेतच. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि त्या महिन्यात डुकरांचीही आचारसंहिता सुटायची. अख्खी भुईमुगाची वाडी उकरून जायची.

आम्हा पोरांना ती हातात द्यायचे, पण काडतुसाशिवाय, वर्षभर. अंगणात नारळाच्या कवट्या मांडून नुसता नेम धरायचा. एकदा मी म्हटलं, दोननळी घ्या की. तर म्हणाले, "बार एकच आसा, म्हणान नेम धर."

जाता जाता, अप्पांनी चाप शब्द बरोबर वापरला. आमच्याकडची नवी पिढी ट्रिगरला घोडा म्हणते. बोटाने दाबतो तो चाप, मागून येऊन आपटतो तो घोडा.

शाकाहारी_सिंह

सिंधुदुर्गात पीक वाचवायला, हे समजू शकतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि पुढे शिकार बंद झाली हे चांगलंच झालं. ज्या देशात पिझ्झा दारात येतो तिथे हरीण मारायची गरज काय?

नाना_मोन्टाना

कारण लांडगे आणि पहाडी सिंह बहुतेक भागांतून माणसाने संपवले आणि हरणांना खाणारं फारसं कोणी उरलं नाही. संख्या वाढली की कोवळी झाडं खाऊन जंगल पुढे उगवतच नाही, हिवाळ्यात उपासमार होते, आणि रात्री हायवेवर तुमच्या टोयोटाच्या काचेत येतात. शिवाय प्रत्येक नव्या रायफलीवर आणि काडतुसाच्या खोक्यावर फेडरल कर आहे, आता ११ टक्के, तो १९३७ च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. ज्या दलदलीत तुम्ही पक्षी बघायला जाता, तिचेही पैसे बऱ्याचदा त्यातून आलेले असतात.

शाकाहारी_सिंह

कराचा मुद्दा माहीत नव्हता. पटलं असं नाही, पण माहीत नव्हता.

तांबडा_पांढरा

अवांतर: कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार चित्त्याकडून करायचे, बंदूक नाहीच. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवरून न्यायचा, टोपी काढली की सुटला. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. आणि दाजीपूरचं रान, जे आज अभयारण्य आहे, ते मुळात महाराजांचं शिकारीचं राखीव जंगल. राखलं कशासाठी आणि उरलं कशासाठी, बघा.

रिकामटेकडी

ताई, ५०० डॉलरमध्ये चित्ता बसत असेल तर बघा. दुर्बीण लागत नाही.

पेशंट_पेशंट

मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. धाग्याच्या मजेत बिब्बा घालते, माफ करा.

बंदुकीचा अपघात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चार वर्षांचं धाकटं भावंड येतं. त्याची काळजी घ्यायचीच, विस्कॉन्सिनमध्ये तर १४ खालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने ठेवली आणि त्याने ती बाहेर नेली किंवा तिने कुणाला इजा केली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. पण मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची एक वाईट रात्र. प्रेमभंग, नापास होणं, मित्रांनी वाळीत टाकणं. त्या वयात असली लाट येते तशी ओसरतेही, पण घरात बंदूक हाताशी असली तर ओसरायला वेळच मिळत नाही. म्हणून: रायफल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली किंवा आकडे मुलाला माहीत नकोत, तो कितीही शहाणा असला तरी. रायफल "त्याची" असली तरी किल्ली तुमची. घरात कधी असा कठीण काळ आला तर संकोच न करता रायफल काही महिने मित्राच्या आजोबांकडे ठेवायला द्या. तारेचं कुलूप बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं.

चिमणीचं_घर

डॉक्टर, बिब्बा नाही, आभार. हे आमच्या चर्चासत्रात कुणीच इतकं सरळ बोललं नव्हतं. किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या डब्यात राहील. तो डबा अहोंनाही सापडत नाही.

हिशेबनीस

५०० चा हिशेब मांडतो, कारण सगळे रायफलीच्या किमतीत अडकलेत. रायफल साडेतीनशे ते चारशे. दुर्बीण आणि तिच्या कड्या दीडशे. झाले पाचशे, आणि अजून एक बार उडालेला नाही. २४३ चं वीस काडतुसांचं खोकं ३० ते ४० डॉलर. नेम जुळवायला एक खोकं, सरावाला दोन, मोसमाला एक. कानाचे मफ, नारिंगी जाकीट (कमरेवरचा निम्मा भाग तरी झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी लागतो तुमच्याकडे), कुलूप, लायसन्स. सव्वासातशे धरा.

एकतर बजेट वाढवा, नाहीतर रायफल जुनी घ्या. थंड प्रदेशात पुष्कळ रायफली आयुष्यात शंभर बारही न उडवता कपाटात म्हाताऱ्या होतात. नळी आतून गंजलेली नसली म्हणजे झालं. दुर्बीण मात्र फुकट मिळाली तरी धुरकट घेऊ नका. हरीण दिसतं ते उजाडताना आणि मावळताना.

अप्पा_पिट्सबर्ग

हिशेबनीस, टाळ्या. फक्त "तीन ते नऊ पट" वाली दुर्बीण दुकानदार गळ्यात मारतो, ती झाडीत लागत नाही. दोन ते सात पट पुष्कळ झाली, हलकीही असते.

झणझणीत

महत्त्वाचा प्रश्न राहिलाच. मारल्यावर शिजवायचं कसं?

अप्पा_पिट्सबर्ग

मटणासारखं शिजवलंत तर चामडं होईल. चरबी अगदी कमी असते आणि असते ती उग्र, ती कापून टाकायची. पाठीचा लांब मऊ भाग तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, वर मीठ-मिरी, बस. मांडी दही आणि कच्च्या पपईत रात्रभर, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास. खिम्यात थोडी दुसरी चरबी घालावी लागते.

झणझणीत

कुकरच्या शिट्ट्या किती?

अप्पा_पिट्सबर्ग

आम्ही इथे सुरक्षिततेबद्दल बोलतोय आणि तुम्ही कुकर काढताय.

पेशंट_पेशंट

खाणार असाल तर दोन गोष्टी. विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) सापडतोय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगट हरीण खाऊ नये असाच सल्ला आहे. राज्याचं खातं तपासणी मोफत करतं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. दुसरं, शिशाची गोळी आत फुटून बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात फूड पँट्रींना (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रांना) दान आलेला हरणाचा खिमा याच कारणाने टाकून द्यायला सांगितलं होतं. तांब्याच्या गोळ्या थोड्या महाग, पण घरात मुलं आहेत तर त्याच घ्या.

चिमणीचं_घर

दोन आठवड्यांनी परत आले. घोटाळा झालाय.

काल रात्री जेवणानंतर सगळ्यांनी डोळ्यांची ती परीक्षा केली. माझा उजवा, धाकटीचा उजवा, अहोंचा कुठला ते कळेना कारण ते हात जवळ आणताना हसत होते. लेकाचा डावा! दहादा करून पाहिलं, दहाही वेळा डावा. आणि लिहितो, जेवतो, बेसबॉल फेकतो सगळं उजव्याने. आता? शनिवारी ॲक्सिस कॉम्पॅक्ट घ्यायचं ठरलं होतं.

नाना_मोन्टाना

काही बिघडत नाही. दुर्बीण असली की डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं. निम्मी दुनिया तेच करते.

तांबडा_पांढरा

नाना, रेंजवर टेबलाशी बसून चालेल. रानात हलतं जनावर येणार, पोरगं दोन्ही डोळे उघडून रायफल खांद्याला लावणार आणि दुर्बिणीतलं त्याला नीट दिसणार नाही, कारण मेंदू डाव्याचं ऐकतोय. आत्ता कोरी पाटी आहे, एकही बार मारलेला नाही. डाव्या खांद्याने शिकवा. चौदाव्या वर्षी आठवड्याभरात सवय लागते. माझ्याकडे अशी तीन पोरं आहेत.

अप्पा_पिट्सबर्ग

पहिल्यांदा कोल्हापूरशी सहमत. पण मग बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीचा) दांडा उजवीकडे असून चालणार नाही. डावखुऱ्या रायफली मिळतात, मात्र डावखुरी, आखूड दस्त्याची, २४३ आणि स्वस्त, हे चारही एकत्र म्हणजे पत्रिका जुळवण्यापेक्षा कठीण.

सावंतवाडीचो_झील

मंडळी, एकनळीला डावं-उजवं नसतं.

अप्पा_पिट्सबर्ग

झीला, तू अख्खा धागा सोडवलास! कपाळावर हात मारून घेतला. मोडून भरायची एकबारी रायफल. सीव्हीए कंपनीची स्काउट येते, कॉम्पॅक्टमध्ये, २४३ मध्ये. हेन्री कंपनीचीही आहे, जरा महाग. बोल्टच नाही, त्यामुळे हाताचा प्रश्न मिटला. भरलेली आहे की नाही हे मोडून लांबूनही दाखवता येतं, कुंपण ओलांडताना उघडी ठेवता येते. दुर्बीण बसवली की घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही, म्हणून बाजूला छोटी खुंटी लावतात, ती डावीकडे फिरवून घ्या.

नाना_मोन्टाना

दुसऱ्या बाराची गरज पडली तर?

सावंतवाडीचो_झील

बार एकच आसा.

नाना_मोन्टाना

बरं. आजोबांपुढे बोलत नाही.

सावंतवाडीचो_झील

एक धोका मात्र सांगतो, थट्टा नाही. घोडा मागे ओढलाय, जनावर निघून गेलं, आता घोडा अलगद खाली आणायचा असतो. थंडीत जाड हातमोज्यात अंगठा निसटतो आणि बार उडतो. आमच्या वाडीत एकाचं पाऊल असंच गेलं. रिकाम्या बंदुकीवर, हातमोजे घालून, शेकडो वेळा करून घ्या. नळी कायम अशा दिशेला की बार उडाला तरी मातीत जाईल. आणि जनावर खरंच दिसल्याशिवाय घोडा ओढायचाच नाही.

चिमणीचं_घर

डिसेंबर. मोसम संपला, वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

स्काउट घेतली, कॉम्पॅक्ट, २४३. हिशेबनीसांचा सव्वासातशेचा आकडा बावीस डॉलरनी चुकला, जास्त आमचेच गेले कारण धाकटीलाही नारिंगी टोपी हवी होती. मित्राच्या आजोबांच्या पॉइंट २२ वर दोन महिने सराव. डाव्या खांद्याला आठवडा नाही, तीन आठवडे लागले. घोडा खाली आणायचा सराव रोज जेवणाच्या आधी, तळघरात, हातमोजे घालून, अहो समोर वही घेऊन. चारशे वीस वेळा. मुद्दाम चारशे वीसवर थांबले, विनोद म्हणून.

पहिल्या दिवशी काही नाही. थंडी उणे नऊ सेल्सिअस, डब्यातल्या पोळ्या गोठल्या. दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर थोड्याच वेळात एक मादी साठेक यार्डांवर आली. लेकाने घोडा ओढला, दुर्बिणीत घेतली. ती टेकाडाच्या माथ्यावर उभी होती, मागे नुसतं आकाश. गोळी चुकली तर कुठे जाईल ते दिसत नव्हतं. तो थांबला. ती खाली उतरलीच नाही, पलीकडे गेली. मग त्याने घोडा खाली घेतला. आजोबा शेजारी होते, ते म्हणाले, सगळ्यात जास्त मी तो अंगठा बघत होतो.

नऊ दिवसांत परत काही दिसलं नाही. आजोबांनी त्यांच्या हरणातली मांडी दिली, तपासणी करून. अप्पांच्या पद्धतीने केली. सासूबाईंना फोनवर मशरूम आहे म्हणून सांगितलं.

झणझणीत

शिट्ट्या?

चिमणीचं_घर

चार. अप्पा, क्षमा असावी, तीन तास गॅस जाळवेना.

एक नवाच प्रश्न उभा राहिलाय. अहो परवा म्हणाले, "पुढच्या वर्षी मीही येईन म्हणतो. माझ्यासाठी काय घ्यावं?" नवीन धागा काढू का?

तांबडा_पांढरा

आधी हसणं थांबवून डोळा बघा म्हणावं.